नागपूर ते मानोस्क: एका नोकरीसाठी, आईला सोबत घेऊन

नोकरीच्या मुलाखतीला आईला घेऊन जाणारी त्या प्रकल्पातली मी बहुधा पहिलीच उमेदवार असेन. वय पस्तीस, हाताखाली चार माणसं, आणि सोबत आई. हसायचं तर हसून घ्या. पण दक्षिण फ्रान्सला जायचा विचार करणाऱ्यांना, आणि विशेषतः आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना, यातलं थोडंफार कामी येईल म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सूर्याच्या पोटात जे घडतं ते पृथ्वीवर एका प्रचंड पोलादी भांड्यात घडवायचं आणि त्यातून वीज काढायची, असा अनेक देशांनी मिळून मांडलेला एक खटाटोप तिकडे चालू आहे. याला फ्यूजन म्हणतात. हे भांडं आतून पूर्ण रिकामं लागतं, अगदी हवासुद्धा नको. कुठे केसाएवढी फट राहिली तरी सगळं मुसळ केरात. अशी फट शोधणं हे माझं काम. गुजरातमधल्या एका संशोधन संस्थेत मी ते शिकले, नंतर बुटीबोरीच्या एका कारखान्यात केलं. आमच्या सक्करदऱ्याच्या शेजारीणकाकूंनी मात्र आईला गेटवर गाठून विचारलं होतं, "प्रज्ञाचं ते बॉम्बवालं काम तं नाही नं वं?"

"नाही वं," आई म्हणाली. "गळती पाहाचं काम हाय. प्लंबरवानी."

आता त्या कारखान्याने निर्वात भांड्यांचं काम बंद करून दुधाच्या टाक्या करायला घेतल्या आहेत. दुधाच्या टाकीची गळती खाली सांडलेल्या दुधावरून मांजरालाही कळते, तिथे माझी गरज काय? आमच्या क्षेत्रात जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. फ्रान्समधल्या त्या प्रकल्पात एक जागा निघाली, पाच वर्षांच्या कराराची, आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. ही हुकली तर उरलेलं आयुष्य दुधाच्या टाक्या, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसरी भीती घरातली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, जायचं तर दोघींनी, नाहीतर नाही. आईला तसं सांगितलं तेव्हा ती घरच्या आपल्या शिवणवर्गातल्या मुलींनी शिवलेले ब्लाऊज तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मले आधी ते गाव पाहू दे. पाहाल्याबिगर मी भाजीबी घेत नाही."

म्हणून ती सोबत आली. माझं तिकीट प्रकल्पाने दिलं, आईचं मी काढलं. व्हिसासाठी मुंबईची एक फेरी झाली. साठीच्या पुढच्या माणसांचा प्रवास विमा वेगळा असतो, तो घाईत काढू नका. मी घाईत काढला आणि परत काढावा लागला.

निघण्याच्या दिवशी सोनेगावच्या विमानतळावर पोचेपर्यंत मी पासपोर्ट इतक्या वेळा चाचपून पाहिले की आई शेवटी वैतागली. "काहून वं, पाय फुटून राहिले का त्यायले?" गळती शोधणाऱ्या माणसाला शंका घेण्याचाच पगार मिळतो, घरी आल्यावर ती सवय कुठे काढून ठेवणार! नागपूर ते दिल्ली, दिल्ली ते पॅरिस, तिथून छोट्या विमानाने मार्सेय, असा आमचा मार्ग होता. पॅरिसला विमान बदलायला भरपूर वेळ हाताशी ठेवा. आई सगळं खाते, फक्त थंड खात नाही, आणि युरोपात पोचल्यावर पहिल्यांदा समोर येतं ते थंड सँडविच. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पर्समधून जवसाची चटणी काढली.

मार्सेयच्या विमानतळावरून एक्स शहराला थेट बस मिळते, तिथून मानोस्कला दुसरी. टॅक्सीच्या वाटेला जाऊ नका. बस वेळेवर येतात, स्वस्त आहेत आणि खिडकीतून सगळं दिसतं. फेब्रुवारी होता. बदामाची झाडं पानांच्या आधीच फुलली होती. बाजूने एक रुंद नदी बराच वेळ सोबत करत होती, पांढऱ्या गोट्यांनी भरलेली.

"नदी मोठी हाय, पण पाणी कुठं हाय वं?" आईने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "आपल्या कन्हानसारखंच हाय."

मला हायसं वाटलं. तिने काहीतरी आपल्यासारखं शोधलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं माझं गणित.

मानोस्क हे गाव प्रकल्पापासून जवळ, म्हणून तिथे काम करणारी बरीच मंडळी या गावात राहतात. जुन्या गावाला दगडी वेस, आत अरुंद गल्ल्या, बाहेर ऑलिव्हच्या टेकड्या. आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो तेव्हा गाव चिडीचूप होतं. इथे दुपारी खानावळी बंद होतात आणि थेट संध्याकाळी उशिरा उघडतात. मधल्या वेळात भूक लागली तर बेकरी शोधायची. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग काय ते मागायचं. तसं न करता थेट बोट दाखवलंत तर समोरची बाई तुमच्याकडे पाहतसुद्धा नाही. आईला हे फार आवडलं. एका दिवसात ती रस्त्यातल्या प्रत्येकाला बोंजूर घालायला लागली. कुत्रा फिरवणारी एक म्हातारी तर थांबून तिच्याशी पाच मिनिटं फ्रेंचमध्ये बोलली आणि आई मान डोलवत राहिली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"काय मालूम. पण बोलत होती नं."

शनिवारी बाजार भरतो. चीज, ऑलिव्ह, मध, साबण, भाजी. एका कॉफीच्या पैशांत आपल्याकडे दोघांची थाळी येते, तेव्हा मनातल्या मनात रुपये करणं पहिल्याच दिवशी सोडून द्या. आई भाजीच्या एका टपरीपाशी थांबली आणि नेहमीच्या सवयीने टोमॅटो दाबून पाहू लागली. विक्रेता पटकन पुढे आला आणि हात झटकून मागे सरकायची खूण केली. तिथे भाजीला गिऱ्हाईकाने हात लावायचा नसतो, तेच निवडून देतात. मी हे आईला लगेच समजावलं. सगळ्यांनाच असं सांगतात, ती बघ, त्या गोऱ्या बाईलासुद्धा सांगितलं.

आई टोमॅटोकडे बघत होती. "समजलं मले," ती म्हणाली. "तो बिचारा भाजीचंच सांगून राहिला. पण 'हात नोको लावू' माह्या आजीले जसं म्हणत, मले तसंच ऐकू आलं."

तिने टोमॅटो घेतले, पैसे दिले, त्याला बोंजूरही केलं. पण त्या दिवशी पुढे तिने कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. मला त्या विक्रेत्याचा राग येत नव्हता, आणि राग कुणाचाच येत नाही म्हणून आणखी बेचैन वाटत होतं.

रविवारी सगळं बंद. हे मी वाचलं होतं तरी खरं वाटलं नव्हतं, तुम्ही मात्र शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. त्यात तिकडचा तो प्रसिद्ध उत्तरेचा वारा सुटला. खिडक्या दिवसभर वाजत होत्या. मी वीतभर खोलीत येरझारा घालत मुलाखतीची उत्तरं पाठ करत होते. दोन रात्री झोप नव्हती. संध्याकाळी आईने मला खुर्चीसमोर जमिनीवर बसवलं आणि नारळाच्या तेलाची बाटली काढली.

दहावीपासून माझ्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईने माझ्या डोक्यावर तेल थापलेलं आहे. आणि माझ्या कामात तेल म्हणजे महापाप. निर्वात भांड्याच्या आत साधा बोटाचा ठसा राहिला तरी त्यातलं तेल वाफ होऊन निघत राहतं आणि भांडं काही केल्या स्वच्छ होत नाही. तेल लावून कामावर येऊ नका, हे मी स्वतः माझ्या हाताखालच्या माणसांना सांगते. तरी मी डोकं मागे घेतलं नाही. सकाळी धुऊन टाकू म्हटलं. आईची बोटं फिरली आणि मला बसल्या जागी डुलकी लागली.

सकाळी आईने आधी अंघोळ केली. भाड्याच्या त्या खोलीत पाणी तापवायची टाकी एवढीशी होती. माझी पाळी आली तेव्हा नळाला बर्फ. बाहेर वारा, प्रकल्पाची गाडी दारात यायची वेळ झालेली. मी केस घट्ट बांधले आणि गेले.

प्रकल्पाची जागा ओकच्या जंगलात आहे. दुरून इमारत दिसते तेव्हा ती किती मोठी आहे ते कळत नाही, मग तिच्या पायथ्याशी खेळण्याएवढा ट्रक दिसतो आणि अंदाज येतो. फाटकावर पासपोर्ट, फोटो, गळ्यात ओळखपत्र. आत पाच-सहा भाषा कानावर पडत होत्या. तिथे काम करणारी बहुतेक माणसं अशीच करारावर आलेली, कुणी कोरियाची, कुणी रशियाची, कुणी आपल्याकडची. करार संपत आला की पुढे काय, हे त्यांच्याही बोलण्यात ऐकू येत होतं. इतकी हुशार माणसं माझ्यासारखीच धास्तावलेली पाहून धीर आला, लगेच गेलाही.

आधी प्रात्यक्षिक होतं. एक छोटं पोलादी भांडं, त्याची झाकणं, मधे बसवायच्या तांब्याच्या कड्या. ते जोडायचं, आतली हवा ओढून काढायची, बाहेरून हेलियम वायू फवारायचा, तो फटीतून आत शिरतो का ते मशीनवर पाहायचं आणि गळती आहे का सांगायचं. ठरलेला वेळ एक तास. बाजूला पांढऱ्या केसांचा एक तंत्रज्ञ हाताची घडी घालून उभा. मी टोपी घातली, हातमोजे घातले, काम सुरू केलं. हात बरे चालत होते.

दोन झाकणं बसली. तिसऱ्याच्या वेळी कपाळावर काहीतरी ओघळल्यासारखं वाटलं, आणि मी मनगटाने टोपी वर सरकवायच्या ऐवजी अंगठ्याने सरकवली. तोच हात भांड्याच्या कडेवरून फिरला, कडी बसवली, बोल्ट घट्ट केले. मग मी अंगठ्याकडे पाहिलं. निळ्या मोज्यावर बारीकशी चकाकी होती.

तंत्रज्ञ घड्याळाकडे बघत होता. त्याने पाहिलेलं नव्हतं. एवढ्या तेलाने त्या तासाभराच्या परीक्षेत काहीच बिघडलं नसतं. मशीनने बरोबर आकडा दाखवला असता, मी वेळेत संपवलं असतं, आणि आईला घेऊन इथे राहायला आले असते. हे सगळं माझ्या डोक्यात फिरून गेलं. ते भांडं खरं असतं तर, हेही फिरलं. मला घाम फुटला आणि त्या घामाचीही भीती वाटायला लागली.

"मी ही जोडणी खराब केली आहे," मी त्याला इंग्रजीत म्हणाले. "मोज्याला तेल लागलंय. मला हे परत उघडायचं आहे."

त्याने नवे मोजे, नवी कडी आणि पुसायला अल्कोहोलची फडकी पुढे केली. मी सगळं सोडवलं, पुसलं, परत जोडलं. पंप लावला. हेलियमची नळी हातात घेतली आणि वेळ संपली. गळती आहे का, या मूळ प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही.

नंतर समितीसमोर बसले. तिघे जण होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तेल आलं कुठून?"

आता काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी आई डोक्याला तेल लावते. एक जण हसला. दुसऱ्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठलं तेल?" नारळाचं म्हटल्यावर ते दोघे आपसात फ्रेंचमध्ये वाद घालू लागले. अल्कोहोलने नारळाचं तेल पुरतं निघतं की दुसरं काही लागतं, यावर असावा. बाई पेन फिरवत होत्या. मला या सगळ्याचा अर्थ लागेना, आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी कशीबशी दिली.

बसने परत आले तेव्हा आई बसथांब्यावर वाऱ्यात उभी होती, शाल कानावरून गुंडाळून. "खोलीत जीव नाही लागत," म्हणाली. "कसं झालं?"

"बरं झालं," मी म्हणाले. तेलाचं सांगायची हिंमत झाली नाही.

मंगळवारी माझ्या गुजरातमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने घरी बोलावलं. तो हैदराबादचा, आता त्या प्रकल्पातच आहे. घर सुरेख, गॅलरीतून टेकड्या दिसतात, मुलं शाळेत रमलेली. त्याची आईही दोन वर्षांपासून तिथे राहते. तिला तेलुगू आणि थोडी हिंदी येते, माझ्या आईला मराठी आणि नागपूरची हिंदी. दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या. आम्ही करार, पगार, घरभाडं असं बोलत होतो. माझं लक्ष गेलं तेव्हा त्या बाईंनी माझ्या आईचा हात धरलेला होता. चहा झाला, उपमा झाला, आम्ही उठलो, तरी सोडेनात. दारापर्यंत तसाच धरून आल्या. "कल आओ," म्हणाल्या. उद्या आमचं विमान होतं.

परतीच्या वाटेवर दिल्लीला बराच वेळ बसावं लागलं. तिथे आईने मला धरलं. "खरं सांग. तू झोपून नाही राहिली, खाऊन नाही राहिली. काय बिघडलं?"

मग सगळं सांगितलं.

"म्हंजे मीच बिघडवलं."

"नाही आई. मले मालूम होतं. मी काहून बसली खाली?"

"हाव, काहून बसली? सांगाचं नं, तेल नोको म्हणून."

"बरं वाटत होतं मले," मी म्हणाले, आणि तिथेच सगळ्या लोकांसमोर रडू आलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग आपल्या हाताकडे पाहत तो मागे घेतला. तो मागे घेतलेला हात मला या अख्ख्या प्रवासात सगळ्यात जास्त लागला.

नागपूरला उतरलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पुढचे कित्येक दिवस मी दिवसा दुधाच्या टाक्यांचे आराखडे पाहिले आणि उरलेला वेळ फोन. सदर भागात एका कामासाठी गेले असताना सिग्नलवर मेल वाजला म्हणून गाडी बाजूला घेतली, तर विमा कंपनीची जाहिरात. खरं सांगते, फेकून देणार होते फोन.

आणि मग एका साध्या दुपारी, मी घरी असताना, तो मेल आला. निवड झाली होती. का झाली ते लिहिलेलं नव्हतं, मी नंतरही कुणाला विचारलं नाही. पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

मी धावत पुढच्या खोलीत गेले. शिवणवर्ग भरलेला होता, सहा मुली, चार मशीनी, एकीच्या मोबाईलवर गाणं. आई खडूने कापडावर खुणा करत होती. मी सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आईने खुणा पुऱ्या केल्या, खडू ठेवला आणि मुलींना म्हणाली, "आज जा वं लवकर."

त्या गेल्यावर मी भराभर बोलू लागले. तुझा व्हिसा, आपलं घर, तू म्हणशील तर बाजारापासून लांब घेऊ.

"माहा व्हिसा नोको काढू," आई म्हणाली. "मी गाव पाहाले आली होती. पाहालं. तुह्यासाठी चांगलं हाय."

"आपलं ठरलं होतं. दोघी, नाहीतर नाही."

"तू ठरवलं होतं. मी पाहाते म्हटलं होतं."

"तेलामुळे म्हणते का तू?"

"तेलाचं काय घेऊन बसली." तिने मला समोर बसवलं. "तुले तिथं काम हाय. मले तिथं तूच हाय फक्त. तू दिवसभर मशीनकडं पाहाशीन अन् मी दिवसभर दरवाज्याकडं. त्या हैदराबादच्या बाईनं काहून हात धरला होता, तुले समजलं नाही, मले समजलं."

मी पुष्कळ वाद घातला. चार दिवस घातला. रागावले, रुसले, नाही जात म्हणाले. ती रोज शिवणवर्ग घेत राहिली. रविवारी विहारात वंदनेला गेली आणि तिथे सगळ्यांना पेढे वाटून आली, म्हणजे माझी परतीची वाटही बंद केली.

या प्रवासाचं मोल काय झालं, असं मला आता लोक विचारतात. गाव सुंदर आहे. बदाम फुलतो तेव्हा जा, उन्हाळ्यात फार गर्दी असते म्हणतात. खोली घेताना गरम पाण्याची टाकी केवढी ते विचारून घ्या. आणि आईवडिलांना न्या, जरूर न्या. फक्त ते काय पाहून परत येतील ते आपल्या हातात नसतं.

काल संध्याकाळी होकाराचा अर्ज भरायला बसले. सोबत येणाऱ्या कुटुंबीयांची संख्या, अशी त्यात एक चौकट होती. मी तिथे बराच वेळ थांबले. आई मागे उभी होती. मी शून्य लिहिलं. तिने चष्मा लावला, वाकून ते नीट वाचलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. पाठव आता."